बरं होण्याची भीती

आजच्या व्याख्यानाचं नाव मी ‘बरं होण्याची भीती’ असं कळवलं, तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, ‘मॅडम, बरं न होण्याची भीती असं लिहायचं होतं का? छापायच्या आधी दुरुस्त करतो.’ मी म्हटलं, नाही, लिहिलंय तेच राहू द्या.

फौजेच्या हॉस्पिटलांत डॉक्टर म्हणून माझी तीस वर्षं गेली. तिथं मी दोन्ही भीती पाहिल्या. जखम चिघळेल, पाय कापावा लागेल ही पहिली भीती कुणालाही समजते. दुसरी बोलून दाखवता येत नाही. टाके सुकलेले असतात, प्लास्टर निघालेलं असतं, राउंडला आलेला डॉक्टर खूश असतो, आणि खाटेवरचा माणूस मात्र दिवसेंदिवस गप्प होत जातो. कारण बरा झाला की त्याला जिथं गोळी लागली तिथंच परत जायचं असतं. असा माणूस भित्रा असतो, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. ज्यांना मी असं गप्प होताना पाहिलं, त्यांतल्या काहींच्या छातीवर पदकं होती.

ही भीती आपल्याकडच्या सैनिकांनी एकदा थेट इंग्लंडच्या बादशहाच्या कानावर घातली होती. साल १९१५. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिलं महायुद्ध १९१४ च्या ऑगस्टमध्ये पेटलं आणि सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी फौजेची पहिली जहाजं फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागली. लाहोर आणि मेरठ या पायदळाच्या दोन डिव्हिजन होत्या. मार्सेयला उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली काढून घेतल्या आणि नव्या धाटणीच्या हातात दिल्या. पुष्कळांच्या अंगावर सुती खाकी होती. ऑक्टोबर संपायच्या आत ही माणसं बेल्जियम आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर, चिखलाच्या खंदकांत उभी होती.

२८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल नावाच्या गावावर चढाई झाली. त्यात ४७ वी शीख पलटण होती आणि तिच्या सोबतीला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, विसावी आणि एकविसावी. या कंपन्यांमध्ये मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. सॅपरचं काम पूल बांधायचं, खंदक खोदायचा, सुरुंग लावायचा. संगीन लावून घराघरांत घुसणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून त्यांनी तेही केलं. गाव घेतलं, पण मागून कुमक आली नाही आणि गाव सोडावं लागलं. ४७ व्या शिखांचे २८९ जण चढाईला गेले होते, ६८ जण परत येऊन गोळा झाले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचा एकही इंग्रज अफसर धड उरला नाही, कुणी मेला, कुणी जखमी झाला. खडकीवरून आपण कितीदा जातो. त्या नावापाशी मी तरी क्षणभर थांबते.

तर असे जखमी झालेले लोक पुढे कुठं गेले?

मैदानावरच्या मलमपट्टीच्या ठाण्यावरून फील्ड ॲम्ब्युलन्सकडे, तिथून आगगाडीनं बुलोनच्या किनाऱ्याकडे, तिथून हॉस्पिटलच्या जहाजानं खाडी ओलांडून इंग्लंडला. इंग्रज सैनिकांच्या तोंडी तेव्हा एक शब्द होता, ‘ब्लायटी’. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, म्हणजे घर. जीव जाणार नाही पण घरी पाठवावंच लागेल एवढी जखम झाली की तिला ‘ब्लायटी जखम’ म्हणायचे आणि अशी जखम मिळावी म्हणून मनात देवाची प्रार्थना करायचे. हा शब्द आपला आहे. ‘विलायती’ या शब्दाचं ते इंग्रजांच्या जिभेवर झालेलं रूप, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या शिपायांनी सोबत नेलेलं. आता बघा, ज्यांच्या भाषेतून हा शब्द गेला त्यांनाही जखमी झाल्यावर त्याच विलायतेला नेलं. पण ते त्यांचं घर नव्हतं. त्यांचं घर आणखी महिनाभराच्या समुद्रप्रवासापलीकडे होतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांच्यासाठी हॉस्पिटलं उघडली होती. सगळ्यांत गाजलं ते ब्रायटनचं. तिथं रॉयल पॅव्हिलियन नावाचा राजवाडा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चौथ्या जॉर्जनं बांधून घेतलेला, हिंदुस्थानी घुमट आणि मिनार लावलेला. डिसेंबर १९१४ मध्ये त्यात खाटा मांडल्या. शेजारच्या ‘डोम’ नावाच्या इमारतीच्या प्रचंड घुमटाखाली वॉर्ड झाला. राजवाड्याच्या मोठ्या स्वयंपाकघरात ऑपरेशन थिएटर झालं. मी सर्जन आहे, म्हणून या निवडीचं मला कौतुक वाटतं. उंच छत, भरपूर उजेड, धुता येईल अशी फरशी, मुबलक पाणी. ज्यानं कुणी ती जागा ठरवली त्याला आपलं काम कळत होतं. जातीधर्मांच्या सोयीसाठी नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती. हिंदूंचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शिखांचं दहन ब्रायटनबाहेरच्या टेकड्यांवर झालं, त्रेपन्न जणांचं. तिथं आज संगमरवरी छत्री उभी आहे. मुसलमानांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं.

जखमींना सांगितलं जायचं की बादशहानं स्वतःचा महाल तुमच्यासाठी रिकामा करून दिला. खरं तर राणी व्हिक्टोरियाच्या काळात, १८५० मध्येच, तो वाडा ब्रायटनच्या नगरपालिकेनं विकत घेतला होता. पण सैनिकांचा त्यावर विश्वास बसला आणि त्यांनी गावी तसं लिहिलंही. बादशहाच्या सिंहासनाच्या जागी आम्ही झोपतो, विजेचे दिवे आहेत, दूध मिळतं, डॉक्टर मुलासारखं बघतात, अशी पत्रं आहेत. ती खोटी नव्हती. शुश्रूषा खरोखरच चांगली होती. तो काळ अँटिबायोटिक्सच्या आधीचा. फ्लँडर्सची, म्हणजे त्या सरहद्दीच्या मुलखाची, जमीन शतकानुशतकं शेणखत घातलेली, त्यामुळे त्या चिखलात भरलेली जखम म्हणजे धनुर्वात आणि गॅस गँगरीन यांना आमंत्रणच. धनुर्वातावरचं सीरम टोचायचं, मेलेलं मांस कापून काढायचं, जखम उघडी ठेवून धूत राहायचं, आणि वाट बघायची. एवढ्या साधनांवर त्या डॉक्टरांनी जे हातपाय वाचवले, त्यांना माझा सलाम आहे.

पण त्या वाचवलेल्या हातापायांचं पुढे काय करायचं होतं?

बरे होत आलेले लोक बार्टन-ऑन-सीच्या विश्रांतिगृहात जायचे, आणि तिथून मार्सेयला. मार्सेय हे नाव लक्षात ठेवा. त्याच बंदरातून मुंबईकडे जहाज निघायचं आणि त्याच गावातून उत्तरेकडे, खंदकांकडे, आगगाडी निघायची. कायमचा निकामी ठरलेला माणूस जहाजात चढायचा. बरा ठरलेला माणूस आगगाडीत. म्हणजे ज्याचा पाय डॉक्टरांनी नीट जोडला तो पुन्हा तोफांपुढे, आणि ज्याचा जोडला गेला नाही तो आपल्या गावी, लेकराबाळांत. खाटेवर पडलेल्या माणसाला हा हिशेब समजायला किती वेळ लागणार?

हे असं का झालं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. नुसतं ‘साम्राज्य क्रूर होतं’ म्हणून पुढं जाता येणार नाही. हिंदुस्थानी फौज सरहद्दीवरच्या छोट्या लढायांसाठी बांधलेली होती. एका लढाईत काही डझन माणसं पडतील, त्यांची भरती सावकाश करता येईल, असा सगळा अंदाज. फ्रान्समध्ये एका दुपारी शेकडो पडायला लागले. राखीव शिपाई थोडे, त्यांतले कित्येक वय झालेले. शिवाय पलटणी जातवार कंपन्यांच्या होत्या. डोगरा कंपनीतली जागा डोगऱ्यानंच भरायची, गढवाल्याची गढवाल्यानं. बाहेरच्या पलटणींतून माणसं आणून भरली, तर अफसर त्यांना ओळखत नाही आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. अशा वेळी सगळ्यांत मोलाचा माणूस कोण? ज्यानं खंदक पाहिलाय, थंडी सोसलीय, ज्याची पलटण तीच आहे आणि जो आता दोन पायांवर उभा राहू शकतो. हॉस्पिटल हाच राखीव फौजेचा कोठार झाला. मी फौजेत होते म्हणून सांगते, त्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याची अडचण मला कळते. शिवाय इंग्रज शिपाईसुद्धा बरे झाले की परत पाठवले जायचे, हेही विसरता कामा नये. फरक इतकाच की त्याला मधे घर भेटायचं. आईच्या हातचं खायला मिळायचं, आपल्या भाषेत चार माणसांशी बोलायला मिळायचं. आपल्या लोकांना राजवाडा भेटला.

आणि त्यांच्या मनात एक हिशेब होता जो सरकारच्या कागदांत नव्हता. आपण मराठीत म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागणं. उत्तरेकडचा शिपाई त्याला नमकहलाली म्हणायचा. त्यांची पत्रं वाचताना माझी अशी समजूत झाली आहे की या लोकांच्या लेखी मीठ ही मोजता येणारी गोष्ट होती. सरकारचं मीठ खाल्लं, सरकारसाठी रक्त सांडलं, आता फिटलं. एकदा जखमी झालेल्या माणसाला घरी जायचा हक्क आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे त्यांचं भीक मागणं नव्हतं. करार पुरा झाल्यावर माणूस हिशेब मागतो, तसं ते मागत होते.

हे आपल्याला समजतं कारण त्यांची पत्रं सेन्सॉर होत होती. फ्रान्समध्ये हिंदुस्थानी टपालासाठी खास सेन्सॉर नेमला होता, एव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी. त्याच्या कचेरीत पत्रं उघडली जायची, त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवाल वर पाठवले जायचे. मूळ पत्रं पांगली, उतारे लंडनला राहिले. सैनिकांनाही माहीत होतं की कुणीतरी वाचतंय, म्हणून ते आडून लिहायचे. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं लिहिलं की गावी समजायचं. एकानं लिहिलं, हे युद्ध नाही, जगाचा अंत आहे, महाभारतात आपल्या पूर्वजांचं झालं तसलं. इस्पितळातून लिहिलेल्या पत्रांत हे दुःख पुन्हा पुन्हा येतं की इथं जखमींनाही परत पाठवतात, म्हणजे मरेपर्यंत सुटका नाही.

इथं मला थोडं माझ्या अनुभवातून बोलू द्या, कारण पुस्तकांत याबद्दल फार सापडत नाही. पहिल्यांदा लढाईला जाणारा आणि जखम भरून दुसऱ्यांदा जाणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. पहिल्याला काय होणार हे माहीत नसतं, आणि ते माहीत नसणं हेच त्याचं चिलखत. दुसऱ्याच्या शरीराला माहीत असतं. मी ‘शरीराला’ म्हणते आहे. मन म्हणत असतं, मी तयार आहे, पलटणीत जायचंय. पण दार आपटलं की बरा झालेला हात आपोआप छातीशी येतो. रात्री वॉर्डमध्ये नर्सच्या हातून ट्रे पडला तर निम्मे लोक खाटेखाली असतात, आणि मग एकमेकांची नजर चुकवत पुन्हा वर येतात. हाड सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. बाकीचं कधी जुळतं त्याचा एक्स-रे निघत नाही. त्यात १९१५ मध्ये परत गेलेल्या माणसाला आपल्या पलटणीत ओळखीचं कोण भेटणार होतं? ज्या अफसराला त्याची भाषा यायची तो मेलेला, शेजारी झोपणारा गावचा भाऊबंद मेलेला, खंदकात सगळे नवे चेहरे. माणूस धीर धरतो तो शेजारच्या माणसावर. तो शेजारीच तिथं नव्हता.

आता एका अवघड गोष्टीकडे येते, कारण ती टाळली तर मी खरं सांगितलं असं होणार नाही. १९१४ च्या शरदात हॉस्पिटलात आलेल्या हिंदुस्थानी जखमींमध्ये निम्म्याहून अधिक जखमा हाताला होत्या. वरिष्ठांना संशय आला की हे लोक मुद्दाम स्वतःला जखमा करून घेतात. चौकश्या झाल्या, शिक्षा झाल्या. ब्रायटनच्या किचनर हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १,००० जखमांची तपासणी करून अहवाल लिहिला, आणि त्यांना या आरोपाला आधार सापडला नाही. हाताला जखमा जास्त होण्याचं एक साधं कारण मी तुम्हाला उभं राहून दाखवते. खंदकात उभं राहून रायफल रोखली की अंग मातीआड असतं, डोकं अर्धं आड असतं, आणि पुढे आधाराला धरलेला डावा हात उघडा असतो. तरीही, सगळे संशय खोटेच होते असं मी म्हणणार नाही. काहींनी केलं असेल. एखादा माणूस स्वतःच्या तळहातावर रायफलचं तोंड ठेवतो, तेव्हा त्याच्या मनाचं काय झालेलं असतं, हा प्रश्न त्या काळच्या कोर्टानं विचारला नाही, आणि मला वाटतं तो डॉक्टरांनी तरी विचारायला हवा होता.

याच सेटन यांचं किचनर हॉस्पिटल मात्र सैनिकांच्या पत्रांत तुरुंग म्हणून येतं. भोवती तारांचं कुंपण, दारावर पहारा, गावात जायला पास. तिथं काम करणाऱ्या एका हिंदुस्थानी सब-असिस्टंट सर्जननं १९१५ च्या अखेरीस कर्नलवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि तो शिक्षेला पात्र झाला. ज्यानं सैनिकांच्या हातांवरचा आळ दूर केला तोच माणूस त्यांना तारेआड ठेवत होता. हे दोन्ही एकाच माणसात होतं, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

आता मीर दस्त.

जमादार मीर दस्त (जमादार हा तेव्हा हिंदुस्थानी अफसराचा हुद्दा) हे तिराहचे आफ्रिदी पठाण, ५५ व्या कोक्स रायफल्सचे. फ्रान्समध्ये ते ५७ व्या वाइल्ड्स रायफल्सबरोबर लढत होते. नवखे मुळीच नव्हते. १९०८ च्या मोहमंद मोहिमेत त्यांनी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे शौर्यपदक मिळवलेलं होतं. २६ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या दुसऱ्या लढाईत त्यांची पलटण पुढे सरकत असताना जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. गॅस मास्क नव्हते. पागोट्याची टोकं चुन्याच्या द्रावणात बुडवून तोंडावर धरायची, एवढाच उपाय. इंग्रज अफसर पडले. मीर दस्त यांनी उरलेली माणसं गोळा केली, माघारीचा हुकूम येईपर्यंत जागा धरून ठेवली, आणि मागे येताना आठ जखमी अफसरांना, गोरे आणि हिंदुस्थानी दोन्ही, गोळ्यांच्या वर्षावातून आणायला मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, जाहीर झालं.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा भाऊ मीर मस्त, तोही जमादार, दुसऱ्या पलटणीतून नव्ह शापेलजवळ रात्री जर्मनांकडे निघून गेला होता. एकाच घरातले दोघे. एवढंच सांगून मी पुढे जाते, कारण यावर सोपं बोलणं फार सोपं आहे.

ऑगस्ट १९१५ मध्ये पंचम जॉर्ज ब्रायटनला आले. पॅव्हिलियनच्या हिरवळीवर समारंभ झाला. मीर दस्त तिथंच उपचार घेत होते. हाताच्या जखमेनं दोन बोटं निकामी झालेली, आणि वायूनं छाती गेलेली. आपल्या पत्रात या दुखण्याला त्यांनी ‘दम’ म्हटलं आहे, आपण दमा म्हणतो तोच शब्द. मी अशा वायूची फुप्फुसं पुस्तकांतच पाहिली, पण जळालेल्या श्वासनलिका वॉर्डात पाहिल्यात. असा माणूस पडून श्वास घेऊ शकत नाही, रात्रभर उशा रचून बसलेला असतो. त्या अवस्थेत ते उभे राहिले आणि बादशहानं त्यांच्या छातीवर क्रॉस लावला.

अशा वेळी मान मिळालेला माणूस स्वतःसाठी काहीतरी मागू शकतो. जमीन, मुलाला नोकरी, पेन्शन. मीर दस्त यांनी बादशहाला विनंती केली की एकदा जखमी झालेल्या माणसाला पुन्हा खंदकात पाठवू नये.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्यांना स्वतःला परत जायचा प्रश्न फारसा उरलेला नव्हता, छातीनंच तो सोडवला होता. त्यांनी मागितलं ते शेजारच्या खाटांवरच्या लोकांसाठी. आणि मागणाऱ्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती होती? त्याच्या कोटावर नुकताच लावलेला क्रॉस होता.

विनंती मान्य झाली का? बरे झालेल्यांना परत पाठवणं थांबलं नाही. लोकांची नाराजी वरपर्यंत पोचली होती. जखमी हिंदुस्थानी सैनिकांची व्यवस्था पाहायला युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी नेमलेले सर वॉल्टर लॉरेन्स यांच्या कामामुळे ती किचनरांपुढेही होती. पण माणसं लागत होती. १९१५ संपता संपता दोन्ही पायदळ डिव्हिजन फ्रान्समधून हलवल्या. त्या घरी गेल्या नाहीत. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेल्या. तिथं कुत-अल-अमारा इथं पुण्याची सहावी डिव्हिजन, आपल्या मराठा पलटणींसह, वेढ्यात अडकली होती आणि तिला सोडवायचं होतं. म्हणजे फ्रान्समध्ये जखमी होऊन, ब्रायटनला बरे होऊन, पुन्हा खंदकात जाऊन जे जगले, ते १९१६ च्या जानेवारीत टायग्रिसच्या चिखलात. वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं.

आणि तिथं राजवाडा नव्हता. जखमींना उघड्या होड्यांवर, बार्जवर घालून टायग्रिसमधून बसऱ्याला आणायचे, दिवसेंदिवस, सावलीशिवाय, मलमपट्टीशिवाय. बसऱ्याला इस्पितळाच्या जहाजावर असलेल्या मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं अशी एक बोट येताना पाहिली. दुरून तिच्या कडांना दोर लोंबत आहेत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती वरच्या डेकवरच्या जखमींची घाण वाळून लोंबत होती. त्यानं ते लिहून कळवलं, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. तो हटला नाही. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. माझ्या पेशातल्या माणसांना मी नेहमी सांगते, मेजर कार्टरचं नाव पाठ करा. डॉक्टरची नोकरी सरकारची असते, पण त्याचे डोळे रोग्याचे असतात.

त्याच १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांना धंदा शिकवणारी एक शाळा सुरू झाली, क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल. ती नंतर खडकीला आली आणि आजही आहे. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. त्याचं नाव घेतल्यावर मला उलट्या दिशेची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की जखमी सैनिकाला परत जायचंच नसतं असं बाई सांगून गेल्या.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये सिल्हेटच्या लढाईत गुरखा पलटणीच्या मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हतं. लोंबणारा पाय काप असं त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं, त्याचा हात उठेना, तेव्हा स्वतःच्या खुकरीनं स्वतः कापला. पुढे पकडलेल्या पाकिस्तानी सर्जननं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मग पुण्याला लाकडी पाय बसवला. त्यानंतर त्यांची दुसरी लढाई सुरू झाली, ती मेडिकल बोर्डाशी. ते म्हणत होते, मी पलटण सांभाळू शकतो. लोक म्हणत होते, एका पायावर कसं शक्य आहे? त्यांनी डोंगर चढून दाखवले, दोन पायांच्या लोकांना मागे टाकून दाखवलं, आणि शेवटी पायदळाच्या बटालियनचं नेतृत्व मिळवलं, पुढे ब्रिगेडचंही. मेजर जनरल म्हणून ते निवृत्त झाले.

एकानं म्हटलं पाठवू नका, दुसऱ्यानं म्हटलं पाठवा. दोघंही शूर. मला दोघांत एकच गोष्ट दिसते: आपल्या शरीरावर आपलाही शब्द चालावा, असं दोघांना वाटत होतं.

आता माझ्या एका रोग्याबद्दल सांगते आणि थांबते. नाव, गाव सांगणार नाही. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेलेला जवान, हाताच्या पुढच्या भागात गोळी लागून परत आलेला. हाड जुळलं, त्वचा भरली. तुकडीची मुदत अजून शिल्लक होती आणि त्याला परत जायचं होतं. फौजेत ‘शेप-वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असेल तरच परदेशी पाठवतात. मन, कान, हातपाय, शरीर, डोळे, पाचही ठीक. बोर्डापुढे तो ताठ उभा राहिला. काही त्रास? नाही मॅडम. मी त्याला माझी दोन बोटं पकडून आवळायला सांगितलं. पकड चांगली होती, पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि खोलीत पंखा चालू होता. मी सहा आठवडे वाढवले. तो सलाम करून गेला, आणि त्याला माझा राग आला होता हे मला पाठमोऱ्या चालीवरून दिसलं.

सहा आठवड्यांनी तो परत आला. हात उत्तम होता, या वेळी घामही नव्हता. माझ्यापुढे फॉर्म होता. त्यात हाडाची जागा होती, सांध्याच्या हालचालीचे अंश होते, पकडीची नोंद होती. मी पेन खाली ठेवलं, बाजूची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, बस. जायचंय का तुला? खरं सांग, हे मी लिहिणार नाही.

तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग बोलायला लागला. त्या सकाळबद्दल, गाडीत शेजारी बसलेल्या मुलाबद्दल, बायकोला काय सांगितलंय आणि काय सांगितलेलं नाही त्याबद्दल, पैशांबद्दल, तिथं अजून असलेल्या आपल्या सेक्शनबद्दल. जायचंय, असं तो तीनदा म्हणाला आणि दोनदा नाही म्हणाला. बाहेर पुढचा नंबर ताटकळत होता. अर्दली दोनदा डोकावून गेला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.